आहेस का रे मागे?

बसा. आता कोणी उठू नका आणि मलाही उठवू नका. माझे गुडघे एकदा दुमडले की सकाळीच सरळ होतात.

दियेगो, चेस्टनटना चीर दिलीस ना? नाहीतर फुटून डोळ्यात उडतील. दे इकडे ती कढई. आणि एलिया, वाईन सगळ्यांना पुरव, तुझ्या एकट्याची नाही ती.

काय म्हणालीस नोएमी? दाखव. हं. शनिवारची नवरी. कुंडीतल्या लिंबाखाली उभी, मागे कारंजं, वर आपला कासाल्बा व्हिला. स्वप्नातल्यासारखा आलाय म्हणतेस? येणारच. फोटोत कुंडीचं वजन येत नाही. कुठल्या कुठल्या देशांतून येतात बिचारी पोरं, या बागेत पाऊल टाकलं की एकमेकांचा हात धरतात, आवाज हळू करतात. मीही पाहतो ना इतकी वर्षं. आणि खोटं कशाला बोलू, बाग आहेच तशी. पण ती पाहतात बाग, आणि मला दिसते आपली सगळ्यांची पाठ.

विचारा, विचारा. दुपारपासून तुम्ही तिघं माझ्याकडे चोरून बघताय, ते काय मला कळत नाही? खुंटीवरचे दांडे खाली काढले तेव्हा ओरेस्ते म्हातारा पांढराफटक का पडला, लिंबूघराला कुलूप लावून निघून का आला, हेच ना? सांगतो. हिवाळ्यासाठी लिंबांच्या कुंड्या आज सगळ्या लिंबूघरात गेल्या, राहिली फक्त म्हातारी. ते सगळ्यात जुनं झाड. तिची कुंडी विजेच्या गाडीवर बसत नाही, पायऱ्यांवरून तिला दांड्यांवरच न्यावं लागतं. उद्या तुम्हीच नेणार आहात. तेव्हा ऐकलेलं बरं.

गोष्ट माझी नाही. नेदोची आहे, नेदो बाच्ची. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. माझ्या आधी इथली बाग तोच बघायचा, मी तेव्हा पावाची गाडी चालवायचो. त्याने मला ही गोष्ट दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. थापा मारणाऱ्याला ते जमत नाही.

आधी दांड्यांचं समजून घ्या. कुंडीच्या गळ्याला दोरी, दोरीत दोन दांडे, पुढे एक माणूस, मागे एक. मधे झाड. मागच्याला पुढचा नीट दिसत नाही, नुसती पानं, फार तर टोपी. पुढच्याला तर मागचा दिसतच नाही, कारण त्याने वळून बघायचंच नसतं. वळला की दांडा फिरतो आणि कुंडी पायावर. म्हणून कासाल्बात एक पद्धत होती. प्रत्येक वळणावर, प्रत्येक पायरीआधी, पुढचा विचारायचा, "आहेस का रे मागे?" मागच्याने म्हणायचं, "आहे." तेव्हाच पुढचं पाऊल.

पुढे असायचा साबातिनो. मागे नेदो. अर्धं आयुष्य दोघांनी तशी लिंबं वाहिली, वसंतात बाहेर, ऑक्टोबरात आत. साबातिनोने आपल्या टोकांवर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर तापल्या सळईने डागून ठेवलं होतं आणि हाताला टोचू नये म्हणून वर गोणपाट गुंडाळलेलं. नेदोच्या टोकांना निळी लोकर. त्याच्या बायकोचा मफलर तो, ती गेल्यावर पोरीने, देर्नाने, कापून दांड्यांवर शिवून दिलेला.

एका ऑक्टोबरात म्हातारीला आत नेताना मधल्या पायरीवर साबातिनोने विचारलं, "आहेस का रे मागे?" नेदो म्हणाला, "आहे." साबातिनोने कुंडी हळूच टेकवली. नेदोला वाटलं, दम खातोय. पानांच्या या बाजूला उभा राहून तो पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. शब्द काही आला नाही. शेवटी पुढे जाऊन बघतो तर साबातिनो पायरीवर बसलेला, हात गुडघ्यांवर. गेलेला.

पुढची वर्षं नेदोने भाड्याच्या पोरांबरोबर काढली. ती पोरं काही विचारायची नाहीत. हा मात्र प्रत्येक वळणावर आपला "आहे" म्हणायचा, कुणी न विचारता. पोरं हसायची. मग गाडी आली आणि दांडे खुंटीवर गेले, फक्त म्हातारीपुरते खाली यायचे.

थांब एलिया, भूत येतंय. घाई कसली? भुतांनाही वय असतं.

नेदोचा बागेतला तो शेवटचा वसंत होता. निवृत्ती मिळाली होती. लिव्होर्नोला देर्नाच्या घरी एक खोली, खिडकीतून समुद्र. तो सगळ्यांना एकच सांगायचा, "मला समुद्र बघायचा नाही, मला झोपायचंय." इतका दमला होता तो. नुसता पाठीने नाही, आतून. लिंबं जिवंत सोपवायची आणि जाऊन झोपायचं, एवढंच मागणं राहिलं होतं त्याचं.

त्यात ईस्टरनंतरच्या शनिवारी एक मोठं लग्न ठरलं. सिन्योरा ओर्तेन्सिया, आत्ताच्या मालकाची आई, तेव्हा तीच सगळं बघायची, ती म्हणाली, "नेदो, लिंबं बाहेर काढायची."

नेदो म्हणाला, "सिन्योरा, एप्रिल आहे."

"मला दिसतंय एप्रिल आहे ते. ऊन बघ केवढं पडलंय!"

"थंडीचे संत व्हायचेत अजून."

आता हे कासाल्बात कुत्र्यालाही माहीत आहे. मेच्या मध्यावर थंडीच्या संतांचे दिवस जातात, त्यानंतरच लिंबाने उंबरठा ओलांडायचा. पण ती म्हणाली, "लग्न काय, चर्चमध्येही लागतं, नेदो. लोक इथे लिंबांसाठी येतात. फोटोत रिकामी बाग दाखवू?"

जो माणूस जन्मभर या बाबतीत मालकांना नाही म्हणत आला, तो त्या दिवशी म्हणाला, "बरं." का? दमला होता. दुसरं काही कारण नाही. वाद घालायलाही ताकद लागते.

सोमवारी भाड्याची पोरं आली, गाडी आली, लिंबं बाहेर लागली. बाग काय दिसत होती म्हणे! मंगळवारी सकाळी गाडी दुसऱ्या कामाला गेली, पोरं आपापल्या घरी.

तो मंगळवार. ईस्टरनंतरचा मंगळवार, अठरा एप्रिल. संध्याकाळी नेदो गावात दोरी आणायला गेला. लिव्होर्नोची खोकी बांधायला. दुकानदार दोरी मापता मापता म्हणाला, "काय नेदो, आज रात्री द्राक्षवेलींचं काही खरं नाही. वारा पडलाय बघ." नेदोने वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. एक पान हलत नव्हतं, म्हणजे पहाटेपर्यंत सगळं गोठणार. तो दोरीचे सुटे पैसे घ्यायलाही थांबला नाही.

त्याने फोन केले. पोरं समुद्रावर सुट्टीला गेलेली. गाडीवाल्याचा फोन बंद. सिन्योरा मिलानला होती, ती म्हणाली, "अरे, वर काहीतरी झाक ना! चादरी आहेत की घरात!" मला केला, तर मी लुक्काच्या इस्पितळात, हर्निया कापून घेऊन आडवा. मी म्हटलं, "नेदो, मी हसलो तरी टाका तुटतो, कुंडी कुठली उचलू?" तो म्हणाला, "झोप तू. निदान कुणीतरी झोपा."

चादरी टाकल्या त्याने. चार-पाच झाडांना पुरल्या. बाकीची तशीच. कारंज्याच्या कठड्यावर येऊन बसला. हाताला लागलं ते पान कडक झालं होतं, कागदासारखं. ती झाडं त्याच्या आजोबांनी पाहिलेली. सकाळपर्यंत सगळी काळी पडणार, आणि ती काळी झाडं मागे टाकून त्याला झोपायला जायचं होतं. कशी लागली असती झोप?

तो मला म्हणाला, "ओरेस्ते, मला रडूही येईना. मी मोठ्याने म्हणालो, मरा. मरा आता सगळी. मी दमलोय."

आणि तेव्हा लिंबूघरात आवाज झाला.

लाकडावर लाकूड. खुंटीवरून दांडे काढताना होतो तो.

त्याला वाटलं, आलं एखादं पोर. बरं वाटलं त्याला. हाक मारली, "कोण रे?"



लिंबूघराच्या दारातून दांड्यांची टोकं बाहेर आली. निळी टोकं. मग दांडे. मग काळोखात कुणीतरी. ते पहिल्या कुंडीशी थांबलं, दांडे ठेवले, आणि झाडाच्या पलीकडे गेलं. नेदो उठून जवळ गेला. पलीकडचा वाकून उभा होता. पाठमोरा. पुढचा माणूस उभा राहतो तसा. पानांतून टोपी दिसत होती.

नेदोच्या हातात अजून ती नवी दोरी होती. त्याने ती कुंडीच्या गळ्याला बांधली. का बांधली? हातांना सवय. वाकला, निळी लोकर मुठीत धरली, उचललं.

वजन बरोबर निम्मं आलं.

पोरांनो, तुम्ही अजून दांडे धरलेले नाहीत म्हणून सांगतो. माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो, तसा वजनावरूनही येतो. कोण उजवीकडे झुकतो, कोण घाई करतो, कोण स्वतःकडचं हळूच तुमच्याकडे सरकवतो. भाड्याच्या पोरांबरोबरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे बरोबर निम्मं वजन आलं होतं. नेदोला तेव्हाच कळलं. पण कळलं ते त्याने मनाशी बोलून दाखवलं नाही.

वळण आलं.

"आहेस का रे मागे?"

आवाज तोच. थोडा बसलेला. नेदोचं तोंड त्याच्या आधी बोलून गेलं.

"आहे."

एक कुंडी आत. मग दुसरी. मग आणखी एक. बोलणं नाही. फक्त वळणावर ते विचारणं, आणि हे उत्तर. नेदो म्हणाला, "पहिल्यांदा मला आनंदच झाला, ओरेस्ते. खरंच. वाटलं, चला, जमतंय."

मग चंद्र आला. उशिराचा, अर्धा. बाग पांढरी पडली. नेदोच्या तोंडातून वाफ निघत होती, घोड्याच्या निघते तशी. पुढे... पुढे वाफ नव्हती. तेवढंच ओझं, तेवढीच चढण. वाफ नाही.

मग त्याला हातातला गारठा कळला. हवेतला नव्हे. दांड्यांतून येत होता. पुढच्या टोकाकडून मागे... हळूहळू... लोकरीतून बोटांत.

पळावंसं वाटलं. पण कसा पळणार? हात सोडले तर कुंडी फुटते. कुंडी टेकवली की पुढचा लगेच दुसरीशी वाकलेला. पाठमोरा. वाट बघत. नेदो मनातल्या मनात एकच म्हणत होता. वळू नकोस. तुझी टोपी पुरे मला. वळू नकोस.

"आहेस का रे मागे?"

"आहे."

शेवटी म्हातारी राहिली.

तिला उचललं. पायऱ्या आल्या. पहिली. मग मधली...

पुढचा थांबला.

कुंडी टेकवली नाही. नुसता थांबला. सगळं वजन दोघांच्या हातात. नेदो शब्दाची वाट बघतोय. शब्द येईना. पानं हलेनात. हाताचं कातडं सोलून निघालेलं, लोकर ओली झालेली... पुढे काही नाही. काहीच नाही...

शेवटी नेदोनेच विचारलं. मागच्याने कधी विचारायचं नसतं. पण त्याने विचारलं.

"साबातिनो... तू आहेस का?"



"दमलो रे, नेदो."

...

नेदो म्हणाला, "मी पण."

"किती दिवस मीच पुढे?"

हात तुटायला आलेले, मधे म्हातारी, खाली पायऱ्या. नेदो म्हणाला, "थोडी कळ काढ. लिव्होर्नोला जाऊन जरा झोपतो. मग येतो. मग मी होतो पुढे."

बघा, पुन्हा तेच. सिन्योराला बरं म्हणाला, यालाही बरं म्हणाला. दमलेल्या माणसाकडून कुणीही काहीही कबूल करून घ्यावं.

पुढचं पाऊल पडलं. म्हातारी आत गेली.

बुधवारी मला इस्पितळातून सोडलं. भाच्याला म्हटलं, आधी कासाल्बाला गाडी घे. येताना दोन्ही बाजूंच्या द्राक्षवेली काळ्या पडलेल्या, गरम पाणी ओतल्यासारख्या. मी मनाशी म्हटलं, लिंबं गेली. दार ढकललं तर आत शेगडी पेटलेली, लिंबं सगळी ओळीत, हिरवीगार, आणि नेदो जमिनीवर बसलेला. तळहातांची सालं निघालेली. मी म्हटलं, "कुणाला बोलावलंस?" त्याने दांड्यांकडे बोट केलं. मी हात लावला. मागची टोकं, निळी, रक्ताने ओली, कोमट. पुढचं गोणपाट लाकडासारखं गोठलेलं. शेगडीपासून वीतभर अंतरावर, दुपारपर्यंत ते नरम पडलं नाही. एवढं मी स्वतः पाहिलं. बाकी सगळं नेदोचं.

शनिवारी गाडी आली, म्हातारी सोडून बाकीची लिंबं तासाभरासाठी बाहेर, फोटो झाले, परत आत. फोटो सुंदर आले. सिन्योरा म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतास." दांडे नेदोने स्वतः खुंटीवर चढवले, गोणपाट पुढे, लोकर मागे, आणि रविवारी लिव्होर्नोला गेला.

झोपला मात्र मनसोक्त. देर्ना सांगायची, बाबा दुपारीही झोपतात, चर्चमध्येही झोपतात. मला ऐकून बरं वाटायचं. इतकी वर्षं झाली, कासाल्बात दांड्यांना कुणी हात लावला नाही. म्हातारी तेव्हापासून आतच होती. तिला दारातूनच ऊन द्यायचो. यंदाच नव्या मालकाच्या हट्टापायी क्रेन आणून बाहेर काढली. तीही फोटोसाठीच, आणि आता आत न्यायला पुन्हा क्रेनचे पैसे द्यायला तो तयार नाही.

नेदो याच जानेवारीत गेला. झोपेतच. आपल्या सगळ्यांना असं मरण येवो. मी मातीला गेलो होतो. देर्ना कॉफी देता देता म्हणाली, "ओरेस्तेकाका, त्या रात्री बाबा झोपेत मोठ्याने बोलले. मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, स्वप्न असेल." मी विचारलं, काय बोलले? मला वाटलं होतं ती म्हणेल, "आहे." जन्मभर तो मागेच होता ना.

ती म्हणाली, "म्हणाले, आहेस का रे मागे?"

मी कॉफी तशीच ठेवली. विचारलं, "तू काही उत्तर दिलंस का, पोरी?" ती म्हणाली, नाही. हात भांड्यात होते.

कढईकडे बघ दियेगो, जळतायत.

आता दुपारचं सांगतो. दांडे तुम्ही खाली काढलेत आणि माझ्या हातात दिलेत. धूळ बोटभर. कोळ्याची जाळी न तुटलेली, ती तुम्हीच पुसलीत. मी ते अक्षर शोधत होतो, साबातिनोचं, म्हणजे पुढची टोकं कुठली ते तुम्हाला दाखवावं. अक्षर सापडलं. त्याच्यावरच लोकर होती. निळी. देर्नाचे टाके तसेच, एकही उसवलेला नव्हता.

गोणपाट दांड्यांवर नव्हतंच. ते खिडकीत होतं. नीट चौकोनी घडी घालून ठेवलेलं, कामावरून सुटलेला माणूस आपला ॲप्रन ठेवतो तसं. चांगलं वाटलं मला ते बघून. सुटला बिचारा साबातिनो.

नाही नोएमी, मागच्या टोकांवर काही नाही. मोकळी आहेत. बाकी सगळ्या दांड्याला धूळ होती, तेवढीच दोन टोकं पुसलेली होती, मागे येणाऱ्याच्या हाताला टोचू नये म्हणून कुणी पुसून ठेवतं तशी.

असे माझ्याकडे बघू नका. खा. गरम आहेत तोवर खा.